पोलिसांच्या बॉडी कॅमेऱ्याचं आणि ठाण्यातलं फुटेज: जळगाव, धुळे, नंदुरबारमधून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमळनेर, चोपडा, शिरपूर या पट्ट्यातल्या लोकांना मी अर्ज लिहून देते. सगळ्यात जास्त येणारा प्रश्न एकच: "ताई, आमले फुटेज भेटी का?" बहुतेक वेळा तो उशिरा येतो. भांडण होऊन, अटक होऊन, जामीन होऊन दोन-तीन महिने गेलेले असतात आणि तोवर हार्ड डिस्कवर नवं चित्रण चढलेलं असतं. म्हणून पुढे काहीही वाचायला वेळ नसेल तर आधी प्रश्न ४ वाचा आणि आजच अर्ज द्या.

१. बॉडी कॅमेरा म्हणजे नक्की काय? प्रत्येक पोलिसाकडे तो असतो का?

गणवेशाच्या छातीवर किंवा खांद्यावर अडकवलेला छोटा कॅमेरा. चित्र आणि आवाज दोन्ही घेतो. सगळ्यांकडे नसतो, वाहतूक, बंदोबस्त, मिरवणूक अशा कामावरच्या काहींकडे असतो. ड्युटी संपल्यावर तो ठाण्यात जमा होतो आणि त्यातलं चित्रण संगणकावर उतरवलं जातं. छातीवर कॅमेरा दिसला म्हणजे तो चालूच होता असं धरून चालू नका. कॅमेरा कोणाला दिला, कधी परत आला, याची नोंद मागता येते आणि ती मागावीच.

२. यासाठी वेगळा कायदा आहे का?

फक्त बॉडी कॅमेऱ्यासाठी असा वेगळा कायदा देशात नाही. त्यामुळे नियम चार-पाच ठिकाणांहून गोळा करावे लागतात: सर्वोच्च न्यायालयाचा २ डिसेंबर २०२० चा परमवीर सिंग सैनी निकाल (ठाण्यातले सीसीटीव्ही), १ जुलै २०२४ पासून लागू झालेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम, केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १६७अ, आणि माहितीचा अधिकार कायदा, २००५. याशिवाय खात्याची अंतर्गत परिपत्रकं असतात. आपल्या तिन्ही जिल्ह्यांत पोलीस आयुक्तालय नाही, कारभार पोलीस अधीक्षकांकडे आहे. म्हणून "बॉडी कॅमेऱ्याचं चित्रण किती दिवस ठेवायचं, याबाबतच्या आदेशाची प्रत द्या" हा अर्ज अधीक्षक कार्यालयाकडे करायचा.

३. फुटेज किती दिवस ठेवतात?

हे फुटेज कुठलं, त्यावर ठरतं. लोक इथेच गोंधळतात.

ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रण १८ महिने ठेवायचं, असा २०२० चा निकाल सांगतो. तेवढी साठवण देणारी यंत्रणा बाजारात मिळतच नसेल तर मिळेल ती जास्तीत जास्त क्षमतेची घ्यायची, पण एक वर्षाच्या खाली यायचं नाही. ठाण्याच्या दारात आणि आत मोठे फलक लावायचे. त्यावर चित्रण किमान किती काळ ठेवलं जातं ते लिहायचं (ही मुदत सहा महिन्यांहून कमी असता कामा नये) आणि हक्कांचं उल्लंघन झालं तर चित्रण सुरक्षित ठेवून घेण्याचा पीडिताला अधिकार आहे, हेही लिहायचं. हा फलक स्थानिक भाषेतही हवा. पुढच्या वेळी ठाण्यात जाल तेव्हा तो आहे का, एवढं तरी बघा.

चलनासाठी वापरलेलं चित्रण ते चलन निकाली निघेपर्यंत ठेवायचं असतं (प्रश्न १४). एखाद्या गुन्ह्यात पुरावा म्हणून घेतलेलं चित्रण मुद्देमाल ठरतं. खटला संपेपर्यंत त्याला हात लावता येत नाही.

राहिलं ते रोजच्या गस्तीचं आणि बंदोबस्ताचं बॉडी कॅमेऱ्यातलं चित्रण. याला वरचं १८ महिन्यांचं बंधन सरळ लागू होत नाही, कारण तो निकाल ठाण्याच्या आवारातल्या कॅमेऱ्यांबद्दल आहे. म्हणजे सगळ्यात आधी पुसलं जाण्याची भीती याच चित्रणाला.

४. मला प्रत नको, ते पुसलं जाऊ नये एवढंच हवंय. काय करू?

आधी जतन, मग प्रत. मागण्या दोन आहेत, अर्जही दोन करा. जतनाचा अर्ज त्याच दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी. साध्या कागदावर, मराठीत. वकील लागत नाही. मजकूर असा पुरतो:

"दिनांक अमुक रोजी रात्री ९.१५ ते १०.४० या वेळेत आपल्या ठाण्याच्या आवारातील मुख्य दार, ठाणे अंमलदार कक्ष, व्हरांडा व कोठडीबाहेरील कॅमेऱ्यांचे, तसेच सदर वेळी कर्तव्यावर असलेल्या कर्मचाऱ्यांच्या बॉडी कॅमेऱ्यांचे चित्रण आवाजासह सुरक्षित ठेवावे. सदर चित्रण पुरावा म्हणून आवश्यक आहे. ते नष्ट होऊ देऊ नये."

कर्मचाऱ्याचा बक्कल नंबर किंवा गाडीचा नंबर माहीत असेल तर लिहा. वेळ सांगताना अलीकडे-पलीकडे अर्धा तास जास्तीचा धरा. कारण प्रश्न ९ मध्ये आहे. अर्ज ठाणे प्रभारींच्या नावे; एक प्रत पोलीस अधीक्षकांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना. जिल्हाधिकाऱ्यांना एवढ्यासाठी की ठाण्यांच्या कॅमेऱ्यांवर देखरेख करणाऱ्या जिल्हास्तरीय समितीत विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि महापौर किंवा जिल्हा परिषदेचे प्रमुख असावेत, असं २०२० च्या निकालात आहे. आपले विभागीय आयुक्त नाशिकला बसतात.

पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका. शिक्का, तारीख, आवक क्रमांक, तिन्ही. देत नसतील तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातले एक बाबा माझ्याकडे आले होते. केळीच्या खताची जाड प्लॅस्टिक पिशवी, तिच्यात घडी घालून ठेवलेला वहीचा एक कागद आणि त्यावर निळा गोल शिक्का. मुलाला ठाण्यात नेलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी गावच्या शिक्षकाकडून त्यांनी तो अर्ज लिहून घेतला होता. पुढे "फुटेज उपलब्ध नाही" असं लेखी उत्तर आलं, तेव्हा ते उत्तर आणि हा शिक्क्याचा कागद शेजारी ठेवून आम्हाला कोर्टात बोलता आलं. शिक्का नसता तर बोलायला काहीच नव्हतं.

प्रकरण आधीच कोर्टात असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली चित्रण हजर करण्याचा आदेश मागता येतो. ते पुसलं जाण्याची भीती असेल तर अर्जात तसं स्पष्ट लिहा.

५. प्रत कोणाला मिळते?

आरोपीला: दोषारोपपत्र त्या चित्रणावर उभं असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० प्रमाणे ते कागदपत्रांसोबत मोफत मिळायला हवं, तो कोर्टापुढे हजर झाल्यापासून १४ दिवसांच्या आत. मेमरी कार्डातला मजकूर हा 'दस्तऐवज' आहे आणि आरोपीला त्याची प्रत मिळाली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात सांगितलं. मात्र पीडितेच्या खासगीपणाचा प्रश्न असेल तर प्रत न देता फक्त पाहू देता येतं, हेही त्याच निकालात आहे.

फिर्यादी किंवा पीडिताला: वकिलामार्फत बाजू मांडत असाल तर कलम २३० मध्ये तुम्हीही येता. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत तुम्हाला कळवण्याचं बंधन कलम १९३ मध्ये आहे. त्या वेळी फुटेज जप्त झालं का, हे लेखी विचारा.

अपघाताच्या नुकसानभरपाईचा दावा करणाऱ्याला: न्यायाधिकरणाकडे अर्ज करून चित्रण मागवता येतं. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या अपघातांत हे फार उपयोगी पडतं, पण इथेही जतनाचा अर्ज आधी.

बाकीच्यांनी प्रश्न ६ पाहावा.

६. माहितीच्या अधिकारात फुटेज मागता येतं का?

येतं. सरकारी यंत्रणेकडे इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असलेला मजकूर ही माहितीच आहे. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावतात. दारिद्र्यरेषेखालच्यांना शुल्क नाही. अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत ठेवा. उत्तराची मुदत ३० दिवस. कोणाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तास, पण तसं अर्जाच्या वरच लिहा. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर कलम ६(३) प्रमाणे तो ५ दिवसांत योग्य जागी पाठवणं हे त्यांचं काम आहे.

नकार आला किंवा उत्तरच आलं नाही तर ३० दिवसांत प्रथम अपील. तिथेही दाद लागली नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे. ही वाट लांबची आहे, आणि माहितीच्या अर्जाने चित्रण आपोआप थांबून राहील या भरवशावर राहू नका. मी स्वतः सुरुवातीला ही चूक केली. तालुक्याच्या एका ठाण्याकडे फक्त प्रत मागितली, जतनाचा अर्ज दिलाच नाही. २९ व्या दिवशी उत्तर आलं की साठवण क्षमता संपल्याने चित्रण आपोआप पुसलं गेलं. त्या बाईंच्या हातात दुसरा काही पुरावा नव्हता. ते मला आजही लागून आहे.

७. "तपास सुरू आहे, देता येत नाही" असं लिहून आलंय. मग संपलं?

नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(ज) मध्ये ही सूट आहे, पण नुसता तपास चालू असणं पुरत नाही. माहिती दिल्याने तपासाला अडथळा कसा येईल हे अधिकाऱ्याने सांगायला हवं. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्येच हे स्पष्ट केलं आहे. प्रथम अपिलात हाच एक मुद्दा धरा आणि सोबत लिहा: "प्रत आज देता येत नसेल तर चित्रण सुरक्षित ठेवल्याचे लेखी कळवावे." अनेकदा ही दुसरी ओळच पदरात पडते, आणि तीही मोठी गोष्ट आहे.

दुसरं कारण वैयक्तिक माहितीचं येतं. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने ही सूट आणखी रुंद केली. तरी माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(२) मधलं सार्वजनिक हिताचं कारण शिल्लक आहे. शिवाय कलम १० प्रमाणे इतरांचे चेहरे झाकून उरलेला भाग द्या, असं म्हणता येतं. आणि चित्रणात तुम्ही स्वतःच असाल तर ते अर्जात पहिल्या ओळीत सांगा.

८. "कॅमेरा बंद होता" म्हणतात. आता?

मग बंद असल्याचे कागद मागा. बिघाड कोणत्या तारखेला लक्षात आला, जिल्हास्तरीय समितीला कधी कळवला, दुरुस्तीवाल्याला कधी बोलावलं, त्याचं बिल, कधी सुरू झाला. यंत्रणा चालू ठेवणं, चित्रण जपणं आणि बिघाड कळवणं ही ठाणे प्रभारींची जबाबदारी २०२० च्या निकालाने ठरवून दिली आहे. खरोखर बिघाड झाला असेल तर कागद असतात. वीज नव्हती हे कारणही पुरत नाही. जिथे वीज-इंटरनेटची अडचण आहे तिथे सौर किंवा पवन ऊर्जेची सोय करायची, असं निकालातच आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या लोकांनी हे वाक्य लक्षात ठेवावं.

हाती असलेला पुरावा पोलिसांनी हजर केला नाही तर तो त्यांच्या विरोधात गेला असता असं कोर्ट धरू शकतं. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११९ मध्ये तसं आहे आणि सीसीटीव्हीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये टोमासो ब्रूनो खटल्यात ते वापरलं आहे. पुरावा कोर्टात जाऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक नोंद मुद्दाम नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे, शिक्षा ३ वर्षांपर्यंत.

ही तक्रार फक्त आपल्या भागातली नाही. ठाण्यांतले कॅमेरे चालत नसल्याची दखल सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतःहून घेतली.

९. फुटेज मिळालं, पण त्यातली वेळ जुळत नाही.

हे नेहमीचं आहे. एकदा कोर्टाच्या आदेशाने आम्ही एका ठाण्यात चित्रण पाहायला गेलो. कोपऱ्यातल्या टेबलावर डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र), वर धुळीचा थर, पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात पांढऱ्या आकड्यांत वेळ. मी मोबाइल शेजारी धरला: यंत्राचं घड्याळ २२ मिनिटं पुढे. आम्ही मागितलेली वेळ तंतोतंत काढून दिली असती तर भलताच रिकामा व्हरांडा हातात आला असता. म्हणून पाहणीच्या वेळी यंत्रावरची वेळ आणि खरी वेळ, दोन्ही पंचनाम्यात लिहून घ्या. वेळ जुळत नाही एवढ्यानेच चित्रण खोटं ठरत नाही. फरक नोंदलेला असला की पुरे.

१०. पेन ड्राइव्हमध्ये घेतलेली प्रत कोर्टात चालते का?

सोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र असेल तर चालते. त्याचे दोन भाग आहेत: एक यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. दोन्हींत हॅश व्हॅल्यू लिहायची असते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजा. फाइलमध्ये एक ठिपका जरी बदलला तरी तो बदलतो. जुन्या कायद्यातल्या अशाच प्रमाणपत्राची सक्ती सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये पक्की केली, तीही आपल्या शेजारच्या जालन्याच्या निवडणूक प्रकरणात. मूळ यंत्रच मालकाने कोर्टात आणून शाबीत केलं तर प्रमाणपत्र लागत नाही. मिळालेली फाइल कापू नका, नाव बदलून ठेवू नका, व्हॉट्सॲपवरून पाठवलेली प्रत कोर्टात देऊ नका. पाठवताना ती दाबली जाते आणि हॅश बदलतो.

११. मिळालेलं फुटेज गावच्या ग्रुपवर टाकू का?

माझं स्पष्ट मत: खटला चालू असेपर्यंत नको. आणि काही बाबतींत तर कायदाच आडवा येतो. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणं न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, २ वर्षांपर्यंत कैद. मुलांच्या बाबतीत पोक्सोचं कलम २३ आणि बाल न्याय कायद्याचं कलम ७४ आहे. चेहरा झाकला तरी गाव, शाळा, घराचं दार, आईचा आवाज यावरून ओळख पटते. आपल्याकडच्या पाड्या-वस्त्यांत तर साडीच्या रंगावरूनही पटते.

१२. पोलिसांनीच माझा व्हिडिओ पसरवला तर?

चित्रण कामासाठी घेतलेलं असतं, रील बनवायला नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला सांगितलं आहे. पोस्टचा स्क्रीनशॉट, दुवा, तारीख आणि वेळ जपून अधीक्षकांकडे आणि राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करा. ते चित्रण कोणी, कधी उतरवून घेतलं याची नोंद जतन करण्याची मागणी प्रश्न ४ च्या पद्धतीने लगेच करा.

१३. ठाण्यात मी माझ्या मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं तर गुन्हा होतो का?

ठाणं हे शासकीय गुपिते कायद्यातलं 'निषिद्ध स्थान' नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये आणि औरंगाबाद खंडपीठाने २०२४ मध्ये हे सांगितलं. आपले तिन्ही जिल्हे औरंगाबाद खंडपीठाखालीच येतात. पण कामात अडथळा, धमकी असली दुसरी कलमं लागू शकतात, म्हणून शांतपणे उभं राहूनच चित्रण करा. मोबाइल घेतलाच तर जप्तीचा पंचनामा मागा आणि त्याची प्रत घ्या.

१४. वाहतूक पोलिसाने बॉडी कॅमेऱ्यावरून चलन दिलं. तो व्हिडिओ बघता येतो का?

नियम १६७अ मध्ये स्पीड कॅमेरा, सीसीटीव्ही यांच्यासोबत अंगावरचा कॅमेराही आहे. त्यावर ठिकाण, तारीख, वेळ उमटलेली हवी आणि यंत्राला दरवर्षी मान्यता प्रमाणपत्र हवं. अशी यंत्रं जिथे बसवायची त्या शहरांची यादी नियमासोबत आहे, तीत जळगाव आहे. चलन मान्य नसेल तर भरण्याआधी चित्रण आणि त्या काळातलं प्रमाणपत्र मागा. एकदा रक्कम भरली की चलन निकाली निघतं आणि चित्रण ठेवण्याचं कारणही संपतं.

१५. घराची झडती घेतली, व्हिडिओ कुठे गेला?

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं चित्रण आवश्यक आहे, ते मोबाइलवर केलं तरी चालतं, आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे जायला हवं. म्हणजे ठाण्यात खेटे घालण्याऐवजी कोर्टात अर्ज करा. पोलिसांच्या ई-साक्ष्य ॲपवर चित्रण झालं असेल तर त्याचा क्रमांक विचारून घ्या.

१६. प्रकार भुसावळ स्टेशनवर घडला. अर्ज कोणाकडे?

आधी गणवेश ओळखा. रेल्वे सुरक्षा दल केंद्राचं, लोहमार्ग पोलीस राज्याचे. पहिल्यांसाठी माहितीचा अर्ज केंद्राच्या पोर्टलवर रेल्वेकडे, दुसऱ्यांसाठी राज्याकडे. कोण होतं कळत नसेल तर जतनाचा अर्ज दोघांनाही द्या.

१७. नवापूरहून गुजरातचे, पळासनेरहून मध्य प्रदेशचे पोलीस घेऊन गेले. तिथे हे नियम चालतात का?

२०२० चा निकाल आणि २०२४ पासूनची नागरिक सुरक्षा संहिता तिथेही लागू आहेत. माहितीच्या अर्जाचं शुल्क आणि नमुना मात्र त्या त्या राज्याचा. जतनाचा अर्ज तिकडच्या ठाण्याला पाठवा, आणि नेण्याआधी आपल्या हद्दीतल्या ठाण्यात आणलं असेल तर इथेही द्या. ठाणे दैनंदिनीत तशी नोंद असायला हवी.

१८. कोठडीत मारलं. किंवा माणूस गेलाच. सगळ्यात आधी काय?

अटकेनंतर २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करतात. तिथे तोंडाने सांगा: "मला मारलं आहे, ठाण्यातलं चित्रण सुरक्षित ठेवायला सांगा." लेखी अर्ज नसला तरी चालेल, पण बोला. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ खालच्या वैद्यकीय तपासणीची प्रत मागून घ्या. अहवालातल्या जखमेची वेळ आणि चित्रणातली वेळ एकत्र वाचली जाते. राज्य मानवी हक्क आयोगाला तक्रारीवरून चित्रण मागवता येतं.

मृत्यू झाला असेल तर त्याच संहितेच्या कलम १९६ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांची चौकशी होते आणि राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला २४ तासांत कळवावं लागतं. घरच्यांनी चौकशी करणाऱ्या दंडाधिकाऱ्यांकडे त्याच दिवशी जतनाचा अर्ज द्यावा. फक्त शेवटच्या तासाचं चित्रण मागू नये. माणसाला ठाण्याच्या दारातून आत आणलं त्या क्षणापासूनचं, सगळ्या कॅमेऱ्यांचं मागावं. तो चालत आत आला होता का, हे त्याच पहिल्या मिनिटात दिसतं.